सतरा नंबरची पट्टी

तमरूदच्या चौकीला वेढा पडून नववा दिवस उजाडला होता. तिथून एकशे वीस किलोमीटर मागे, गार हवेच्या तंबूत, डॉ. शर्वरी जगदाळेच्या पडद्यावर चौसष्ट हिरवे ठिपके सुखाने लुकलुकत होते. एक ठिपका म्हणजे चौकीतला एक माणूस. हिरवा म्हणजे ठणठणीत नसला तरी पायावर उभा. ठिपक्यांच्या डोक्यावर ठळक आकडा होता: तगांक ९६. चौकी अजून शहाण्णव तास तग धरेल, असा त्याचा अर्थ. काळजी नको, चहा घ्या.

चहा आलाही होता. सोबत बशीत काजूची बिस्किटं होती. मुख्य तळावर नऊ दिवस रोज सकाळी ताजी बिस्किटं येत होती, आणि तमरूदला नऊ दिवसांत बाहेरून पाण्याचा थेंब गेला नव्हता. पाणी घेऊन जाणारी ड्रोन शत्रू वाटेतच पाडतो, असं सांगितलं जात होतं. पहिले दोन दिवस शर्वरीने ती बिस्किटं खाल्ली होती. आता बशी तशीच परत जायची.

त्या चौसष्टांत सतरा नंबरचा ठिपका तिच्या धाकट्या भावाचा होता. नायब सुभेदार शिवतेज जगदाळे, वय बत्तीस, सहाव्या भीमथडी कंपनीचा दुसरा अधिकारी, आणि घरी आला की आईच्या हातचं पिठलं पातेल्यातच बोटं घालून संपवणारा. रोज सकाळी पडदा उघडला की ती सतरा नंबरला हळूच विचारायची, "उठलास का रे?" ठिपका लुकलुकायचा. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

पट्टी शर्वरीचीच. बोटभर लांब, मनगटावर चिकटवायची. खालच्या अंगाला केसाहून बारीक अशा दोनशे सुया. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत, कातडीखालच्या ओलाव्यापर्यंतच जातात, आणि त्या ओलाव्यात मीठ किती, साखर किती, ताणाचा रस किती, हे दर चार मिनिटांनी मोजतात. शरीरातलं पाणी थोडं घटलं की माणसाला तहान लागते, आणखी घटलं की डोकं चालेनासं होतं, त्याच्याही पलीकडे गेलं की तो भिंतीशी बोलायला लागतो. हे सगळं माणसाच्या आधी पट्टीला कळतं. शिवाय प्रत्येकाच्या ओलाव्याची घडण वेगळी, हस्ताक्षरासारखी. पट्टी देताना प्रत्येकाची ही सही नोंदवून ठेवलेली असते.

दहा वर्षांपूर्वी शर्वरीने ही पट्टी केली ती उसाच्या फडातल्या बायांसाठी. मार्चच्या उन्हात तोडणी करता करता त्या चक्कर येऊन पडायच्या, आणि एखादी उठायचीच नाही. बाई पडायच्या आत तिला सावलीत बसवावं, एवढाच हेतू होता. मुकादमाने काय केलं? बाई पडायच्या आत तिच्याकडून किती ओढून घेता येईल, ते बघायला पट्टी वापरली. "हिच्यात अजून दोन तास हायेत," असं तो शर्वरीच्या तोंडावर म्हणाला होता, आणि हसला होता. शर्वरीने त्याच दिवशी फड सोडला. पुढे सात देशांच्या शांतिसेनेने पट्टी मागितली तेव्हा तिला वाटलं, सैन्य तरी आपल्या माणसाला जपेल. शिकलेली बाई, पण आशा लागली की शिक्षण काय कामाचं?

या सात देशांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. कोणाच्या सैनिकांना सोडवायला कोणी केव्हा जायचं यावरून वर्षभर भांडून त्यांनी एक करार केला होता. वेढ्यात सापडलेल्या चौकीचा तगांक यंत्र काढील. तो तीसच्या खाली गेला की सुटकेचा ताफा निघालाच पाहिजे, आणि वर असेपर्यंत हलता कामा नये. कुठल्याही सेनापतीला त्यात हात घालता येणार नाही. एकच फट ठेवली होती. बिघडलेली पट्टी यादीतून बाद करायचा अधिकार पट्ट्यांच्या राखणदाराला होता, आणि तो वापरायला कोणाची परवानगी लागत नव्हती. राखणदार म्हणजे शर्वरी.

शत्रूने चौकीचे सगळे संदेश बंद पाडले होते. पट्ट्यांची चिमुकली स्पंदनं तेवढी बाहेर येत होती. आत मात्र काहीच पाठवता येत नव्हतं.

साडेनऊच्या सुमाराला सतरा नंबरची नाडी वाढली. जिना चढला असावा. त्याच मिनिटाला एकतीस नंबरचीही वाढली. त्यात विशेष काही नव्हतं, दोघं बरोबर चढले असतील. पण शर्वरी रिकामी बसली होती, म्हणून तिने दोघांचा कालचा दिवस काढून पाहिला. दोघं एकाच मिनिटाला झोपले होते. एकाच मिनिटाला घोटभर पाणी प्यायले होते. दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनी दोघं एकाच वेळी दचकले होते, तेही अगदी सारखेच.

दोन माणसं शेजारी बसून जेवतील, चालतील, झोपतीलही. पण अशी एका मापाने दचकत नाहीत.

एकतीस नंबर हवालदार धनाजी फडतरेचा. तिने मूळ सह्या काढल्या आणि दोन्ही पट्ट्यांशी ताडून पाहिल्या. तहानलेल्या माणसाची सही थोडी वाकडी होतेच, म्हणून यंत्र तिकडे काणाडोळा करतं. पण शर्वरीने काणाडोळा केला नाही. दोन्ही पट्ट्यांवर फडतरेचाच ओलावा होता. सतरा नंबरवर तो वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आला होता.

आणि तिला गावी असलेले वडील, आबा, आठवले. त्यांनी याच कंपनीत चोवीस वर्षं काढली होती. जेवण झालं की सुपारी कातरत सांगायचे, "आपल्या कंपनीत माणूस पडला तरी दहा दिवस त्याची हजेरी चुकत न्हाई. त्याचं नाव पुकारायचं आन् शेजारच्यानं 'हजर' म्हणायचं. दहाव्यापतुर जीव हितंच घुटमळतो, बाय. नाव घेतलं न्हाई तर त्याला वाटंल, आपल्याला कंपनीनं टाकलं." शेजारी नुसतं उत्तर देत नसे, मेलेल्याची एक वस्तूही अंगावर वागवायचा. वडिलांच्या काळी शिट्टी असे, नाहीतर घड्याळ.

आता घड्याळ कोण बांधतं? पट्टी असते.

ती रडली नाही. आधी सगळ्या पट्ट्या एकेक करून ताडल्या. चौसष्ट पट्ट्यांमागे एकेचाळीस शरीरं निघाली. बेचाळीस नंबरचा शिपाई तर तिघांची हजेरी देत होता. यंत्र त्यातलं काही हिशेबात धरत नव्हतं, ते चौसष्ट धडधाकट गडी मोजत होतं. तेवीस पट्ट्या वगळून शर्वरीने हाताने आकडा काढला तेव्हा तो तेवीसच आला. तीसच्या कितीतरी खाली. ताफा कालच निघायला हवा होता. सहा दिवस ती ज्याला 'उठलास का रे' म्हणत होती, तो फडतरे होता.

ब्रिगेडियर सुधन्वा चिटणीस शेजारच्या तंबूत मोसंबी सोलत होते. गोरेपान, नीटस, मऊ बोलणारे. नकाशावर सालींचा ढीग पडला होता आणि रसाचा एक ओघळ थेट तमरूदपर्यंत गेला होता.

"साहेब, तगांक खोटा आहे," शर्वरी उभ्यानेच म्हणाली. "चौकीत एकेचाळीसच जिवंत आहेत. मेलेल्यांच्या पट्ट्या जिवंत माणसं घालून बसलीयत. त्यांच्या कंपनीची ती रीत आहे. खरा आकडा तेवीस आहे."

चिटणीसांनी एक फोड तोंडात टाकली, बी काढून बशीत ठेवली.

"बरोबर. तेवीसच."

शर्वरीला आधी कळलंच नाही.

"यंत्राने परवाच मला सूचना दिली होती, जुळ्या पट्ट्या आढळल्या म्हणून. मी 'पाहिले' अशी नोंद केली. करारात सूचना पाहायची असं आहे. पाहून काय करायचं, ते लिहिलेलं नाही." त्यांनी दुसरी फोड सोलायला घेतली. "बसा ना, डॉक्टर. हे पाहा, पट्ट्यांची स्पंदनं आपल्यालाच ऐकू येतात असं नाही. शत्रूही ऐकतो. त्यालाही चौसष्टच दिसतात. माणसं पुष्कळ आणि पाणी नाही, अशी चौकी म्हणजे गुळाची ढेप हो. मुंगळे येतच राहतात. पहिल्या दिवशी आठशे होते, आज साडेतीन हजार आहेत. शुक्रवारी बंदरावरून आपली ड्रोनची टोळधाड येतेय. सगळे एका खोलगटात सापडतील. पुन्हा अशी संधी नाही."

"पाणी?" शर्वरीने विचारलं. "पाण्याची ड्रोन पाडली ना त्यांनी?"

"पाठवलीच नाहीत. तहानलेली चौकी आज पडेल, उद्या पडेल, या आशेवर तर ते चिकटून बसलेत."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू लग्नघरी पंगत कुठे बसवायची ते ठरत होतं. शर्वरीला फडातला मुकादम आठवला. तो निदान हसला तरी होता, म्हणजे आपण काय करतोय ते त्याला कळत होतं.

"तुमचा भाऊ तिथे आहे, मला कल्पना आहे," चिटणीस मऊपणाने म्हणाले. "पण एका भावापायी टोळधाडीशिवाय तीनशे माणसांचा ताफा पाठवायचा? विचार करा. मन मोठं करा."

"सतरा नंबर त्या तेवीसांतच आहे, साहेब. माझा भाऊ सहा दिवसांपूर्वी गेला."

चिटणीसांनी रुमालाला बोटं पुसली. एकेक बोट, नीट.

"अरेरे. वाईट झालं." मग म्हणाले, "मग तर आता तुम्हाला घाईचं काही कारणच उरलं नाही."

शर्वरी तिथून बाहेर पडली. 

पण चिटणीसांचं एक वाक्य कुसळासारखं रुतलं होतं, कारण ते खरं होतं. टोळधाडीशिवाय ताफा पाठवायचा म्हणजे त्यातले कितीतरी मरणार. पट्ट्या बाद केल्या तर त्यांना ती मारणार, आणि नाही केल्या तर तिकडे एकेचाळीस जण तिच्या पडद्यावर हिरवे राहून मरणार. हात झटकून मोकळं व्हायची सोय कुठेच नव्हती.

ताफ्याच्या गाड्या तळाच्या उत्तरेला रांगेने उभ्या होत्या. पहिल्या गाडीपाशी सुभेदार जयसिंग घाडगे दात घासायच्या ब्रशने हवेच्या जाळीतली वाळू काढत होते. वय एक्कावन्न, कमरेला पट्टा, मिशी पिकलेली. एके काळी तेही भीमथडीत होते आणि शर्वरीच्या वडिलांच्या हाताखाली शिकले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

घाडग्यांचा ब्रश थांबला.

"म्हंजे तिकडं एकेचाळीस जण तेवीस मेल्यांची हजेरी देत्यात, आन् आमी हितं बिस्किटं मोडतोय व्हय?" ते वाळूत थुंकले. "शेळी बांधलीया म्हणा की. वाघ यायची वाट बघत."

"सुभेदारसाहेब, मी बटण दाबलं तर तुम्हाला टोळधाडीशिवाय जावं लागेल. वर छत्री नसेल. कोण परत येईल, सांगता येत नाही."

"तीनशे जणांचं मी कसं सांगू, ताई? माझ्या गाडीचं सांगतो. माझी गाडी जाईल." त्यांनी जाळी बसवून ठोकली. "शेळी बांधताना शेळीला कुणी इचारत न्हाई. तुमी येऊन इचारलं, लई झालं. जावा, दाबा काय दाबायचं ते. आन् शिवतेजचं... तुमच्या आबांना मी सांगन. तुमी फोन करू नका."

पट्टी बाद करताना यंत्र कारण विचारतं. तीनच कारणं दिलेली होती: बिघडली, हरवली, जळाली. 'माणूस मेला' हे कारण यंत्रात नव्हतंच, कारण मेलेल्याची पट्टी आपोआप बंद पडते असं तिनेच गृहीत धरलं होतं. शर्वरीने बावीस वेळा 'बिघडली' वर बोट ठेवलं. सतरा नंबर शेवटी घेतला. त्या ठिपक्याकडे पाहून काही म्हणावंसं वाटलं, पण फडतरेला काय म्हणणार? तिने तोही बाद केला.

आकडा एकदम तेवीसवर उतरला आणि तळावरचे सगळे भोंगे वाजायला लागले. चिटणीस रुमाल हातात धरून बाहेर धावत आले तोवर गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती. सात देशांनी केलेला करार होता. तो थांबवायचा खटका कोणालाच दिलेला नव्हता. घाईगर्दीत शर्वरी मधल्या रुग्णगाडीत चढली. तिला कोणी अडवलं नाही.

दिवसभर चालून ताफा संध्याकाळी खारट पठाराच्या कडेला थांबला आणि दहाव्या दिवशी झुंजुमुंजू होताच खोलगटात उतरला. लढाईचं वर्णन करायला शूरवीरांची भाषा लागते, आणि तिथे तसलं काही नव्हतं. वितळलेल्या टायरांचा वास होता. डोळ्यांत, दातांत, नाकात मीठ होतं. माश्यांएवढी दिसणारी ड्रोन घोंघावत यायची आणि गाडीच्या टपावर बसायची, की गाडी संपली. वेढा घालणाऱ्यांत निम्मे अनवाणी होते. त्यांनाही कोणीतरी तंबूत बसून इथे आणून सोडलं असणार. ताफ्याच्या चालकाविना गाड्या त्यांच्या अंगावरून गेल्या, आणि मागच्या माणसांच्या गाड्यांना त्यावरूनच वाट काढावी लागली. शर्वरीने खिडकीची झडप खाली ओढली, पण खालून येणारे धक्के कसे थांबणार?

तासाभराने तिच्या लक्षात आलं की रांगेतल्या गाड्या जागा बदलतायत. रुग्णगाडी कोणीही न सांगता मध्येच राहत होती. घाडग्यांची पहिली गाडी मात्र हळूहळू उजव्या कडेला, जिकडून ड्रोन येत होती तिकडे, सरकवली जात होती. तिने हातातला वाचक, पट्ट्या वाचायचं छोटं यंत्र, उघडला. ताफ्यातल्या तीनशे जणांच्या मनगटांवरही पट्ट्या होत्याच. यंत्र प्रत्येकाचा तग मोजत होतं. ज्यांचा जास्त त्यांना आत घेत होतं, आणि ज्यांचा कमी त्यांना कडेला लावत होतं. घाडगे एक्कावन्न वर्षांचे, कंबर दुखणारे, रात्रभर न झोपलेले. त्यांचा आकडा ताफ्यात सगळ्यांत कमी होता. मुकादमाला निदान बाईकडे बघून ठरवावं लागायचं. इथे तेवढीही तसदी उरली नव्हती.

"घाडगेसाहेब, गाडी आत घ्या!" ती बिनतारीवर ओरडली. "यंत्र तुम्हाला मुद्दाम कडेला टाकतंय. हाताने चालवा!"

"कळलंय मला ते, ताई," खरखरीत उत्तर आलं. "पर मी आत आलो तर मागचं ते पोरगं कडंला जातंय. ऱ्हाऊ द्या."

दहा वाजायच्या सुमाराला त्यांची गाडी पेटली. वाचकावरचा ठिपका आधी लाल झाला, मग राखाडी. शर्वरी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने वाचक पालथा घातला आणि जखमी बांधायला घेतले.

दुपारी ताफ्याने वेढा फोडला. तीनशेंपैकी चौतीस जण खोलगटात राहिले. तमरूदचा दरवाजा आतून उघडला तेव्हा जयजयकार झाला नाही. ज्यांचे ओठ फाटून रक्त सुकलं होतं, ती माणसं जयजयकार कशी करणार? एकेचाळीसांतले दोघं रात्रीतून गेले होते. एकोणचाळीस जण बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीपाशी शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले. प्रत्येकाने दोन घोट घेतले आणि पेला मागच्याला दिला. एवढं सोसलेल्यांची ही रांग बघताना शर्वरीला तळावरची बिस्किटं पुन्हा आठवली.

धनाजी फडतरे रांगेत शेवटचा होता. चाळिशीचा, उंच, गाल आत गेलेले. डाव्या मनगटावर दोन पट्ट्या, एकीखाली एक.

"आक्का," तो म्हणाला. शिवतेज तिला आक्का म्हणायचा, म्हणून सगळी कंपनी म्हणायची. "तिसऱ्या दिवशी गेले साहेब. हिरीचा दोर तुटला व्हता, त्यो बांधाय गेल्ते. लागल्यावर बोलले न्हाईत काय. लगीच गेले."

शर्वरीने मान हलवली.

"मी हजेरी चुकू दिली न्हाई," धनाजी म्हणाला. मग घोटाळला. तो हुशार माणूस होता, आणि दहा दिवस उपाशी बसून त्याने पुष्कळ विचार केला असणार. "आक्का, खरं सांगा. ह्या पट्ट्यांपायी तुमाला आमी लई जण दिसलो का? आमच्याच रीतीनं आमाला उशीर झाला का?"

एकोणचाळीस माणसं पेले हातात धरून ऐकत होती. हो म्हटलं असतं तर ती जन्मभर ते ओझं वाहणार होती.

"नाही," शर्वरी म्हणाली. "ज्याला कळायला हवं होतं त्याला तीन दिवसांपूर्वीच कळलं होतं. तो मोसंबी खात होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीसांचं हेलिकॉप्टर उतरलं. दोन छायाचित्रकार बरोबर होते, आणि एक लहानशी निळी पेटी. खडखडीत इस्त्रीच्या गणवेशात ते चौकीच्या अंगणात उभे राहिले आणि चार वाक्यं बोलले. यंत्राने दिलेला इशारा अचूक ठरला, मानवी धैर्य आणि विज्ञान यांचा हा संगम आहे, असं काहीबाही. त्यांच्या आवाजात कुठे खोट सापडत नव्हती. कदाचित त्यांना ते आता खरंच वाटत होतं.

मग त्यांनी पेटी शर्वरीपुढे धरली. "त्या तेवीस जुळ्या पट्ट्या यात द्या, डॉक्टर. फार मोलाची माहिती आहे. पुढच्या वेळी यंत्र अशा चुका आधीच टिपेल."

पुढच्या वेळी. शर्वरीने धनाजीकडे हात केला. त्याने काही न विचारता सतरा नंबरची पट्टी सोडवून तिच्या तळव्यावर ठेवली. ती अजून कोमट होती.

"हात द्या, साहेब," शर्वरी म्हणाली.

छायाचित्रकार पुढे सरसावले. चिटणीसांनी हसून हात पुढे केला. तिने त्यांची बाही वर सारली, पट्टी मनगटावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. सुया आत गेल्या. ते दचकले, पण कॅमेरे होते, म्हणून हसू तसंच राहिलं. शर्वरीने वाचक उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"पाणी भरपूर. मीठ नेमकं. झोप पुरेशी. ताण नाही. तग, यंत्राला मोजता येत नाही इतका."

चिटणीस काही बोलणार तेवढ्यात अंगणात धनाजीची शिट्टी वाजली. हजेरीची वेळ झाली होती. एकोणचाळीस माणसं रांगेत आली. धनाजीने वही उघडून एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. जिवंतांनी आपापला 'हजर' दिला, आणि मेलेल्यांचा ज्याच्या अंगावर पट्टी होती त्याने.

"नायब सुभेदार शिवतेज जगदाळे!"

सगळ्यांच्या नजरा चिटणीसांच्या मनगटावर गेल्या. ज्याच्या अंगावर पट्टी, त्याने उत्तर द्यायचं. रीत साधी होती.

चिटणीसांनी छायाचित्रकारांकडे पाहिलं, मग शर्वरीकडे. एक शब्द होता, दोन घोट पाणी प्यायलेल्या माणसालाही बोलता येईल असा. पण तो म्हटला असता तर आपण मेलेल्या माणसाच्या वतीने बोलतोय हे कबूल करावं लागलं असतं.

"नायब सुभेदार शिवतेज जगदाळे!" धनाजीने दुसऱ्यांदा पुकारलं.

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

धनाजीने वही मिटून काखेत धरली, चालत आला आणि खाडकन सलाम ठोकला. "साहेब, पट्टी काढा. तुमास्नी झेपायचं न्हाई."

त्याने स्वतःच ती अलगद सोडवली. वळून शर्वरीच्या मनगटावर ठेवली आणि पुन्हा रांगेपुढे जाऊन उभा राहिला. चिटणीस निळी पेटी धरून तिथेच राहिले. त्यांनी मनगटावरचे लाल ठिपके रुमालाने पुसले, जसा मोसंबीचा रस पुसला होता तसे.

"नायब सुभेदार शिवतेज जगदाळे!"

"हजर," शर्वरी म्हणाली.

पुढचं नाव धनाजीने वहीत सकाळीच पेन्सिलीने घातलं होतं.

"सुभेदार जयसिंग घाडगे!"

घाडग्यांची पट्टी गाडीबरोबर जळाली होती. ती कोणाच्याच मनगटावर नव्हती.

"हजर," पुन्हा शर्वरीच म्हणाली. दहा दिवसांच्या हजेरीतला शिवतेजचा आता एकच दिवस उरला होता. घाडग्यांचे आठ होते, आणि त्यातला एकही ती चुकवणार नव्हती.